नाव न घेणारीची जबानी

त्या दिवशी फोनवर अनारकुलने जे उत्तर दिलं, ते तिच्या तेवीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यांत गुणी सुनेचं उत्तर होतं. आणि त्यानेच घात केला.

हात कोपरापर्यंत कणकेत होते. खिडकीच्या कठड्यावरचा फोन तिने नाकाच्या शेंड्याने सुरू केला.

"परीक्षा केंद्रावरून बोलतेय. तुमच्या मुलीचं नाव सांगा."

"मीरिम."

"नक्की?"

"अहो, मीच जन्म दिलाय तिला."

"मग असिलकान कोण?"

अनारकुलने कणकेचा हात तसाच तोंडावर ठेवला. भर दुपारी, एका परक्या बाईच्या तोंडून, सासूबाईंचं नाव! तेही नुसतं. मागे नाही पुढे नाही, जणू कोणी शेजारची पोर.

"त्या... त्या घरातल्या मोठ्या आहेत," ती कुजबुजली. "त्यांचं नाव मी कसं घेऊ, बाई?"

पलीकडे काहीतरी लिहिल्याचा खरखराट झाला आणि फोन बंद झाला. सासूबाईंच्या पेन्शनचं काहीतरी असेल असं समजून अनारकुल पुन्हा कणकेला लागली.

*

"'परीक्षार्थीच्या आईने दूरध्वनीवर सांगितले की,'" रविवारी दुपारी गुल्सुन चष्मा नाकावर ढकलत मोठ्याने वाचत होती, "'असिलकान ही त्यांच्या घरातील वयोवृद्ध स्त्री असून तिच्याविषयी बोलण्यास त्यांनी नकार दिला.'" तिने कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे सरकारदरबारी आता अशी नोंद झालीय, की आपली चौऱ्याहत्तर वर्षांची एने डॉक्टर व्हायला निघाली होती आणि ऐनवेळी तिने स्वतःऐवजी नातीला बसवलं."

मीरिम फिस्सकन हसली. आजीने तिच्याकडे बघितलं तशी तिने बोरसोकचा तळलेला तुकडा तोंडात कोंबला.

"मला हसू येत नाही, गुल्सुन," म्हातारी म्हणाली. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी ती ताठ बसली होती. चाळीस वर्षं गणित शिकवून पाठ जी सरळ झाली ती निवृत्तीनंतरही वाकली नव्हती. "माझ्या नावाची मुलगी, आणि तिच्यावर फसवणुकीचा आरोप. गावात मी कुठल्या तोंडाने हिंडू?"

"तोंड आहे तेच राहू दे, एने. फक्त उद्याच्या चौकशीपर्यंत हे नीट समजून घे." गुल्सुन तिची थोरली लेक, वकील; आईला लेक-सून दोघी एनेच म्हणत. धाकट्या भावाच्या घरावर संकट आलं म्हणून पहाटेच बिश्केकहून भाड्याच्या गाडीत चौघांत पाचवी होऊन आली होती, आणि आल्यापासून सल्ला देत होती आणि लोणी खात होती. "परीक्षेत चिठ्ठी सापडली तर ती कॉपी. पेपर रद्द, वर्ष गेलं, घरी जा. पण दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणं ही कॉपी नाही, तो गुन्हा. तिथे शाळा संपते आणि पोलिस ठाणं सुरू होतं. उद्या दहा वाजता समितीचं समाधान झालं नाही, तर हा कागद पुढे पोलिसांकडे जाणार. मग कुठलं वैद्यकीय आणि कुठलं काय."

अनारकुल दाराजवळच्या आपल्या जागी किटलीपाशी बसून चहा ओतत होती. सुनेची जागा तीच. तिथून सगळ्यांच्या वाट्या दिसतात आणि तिचा स्वतःचा चेहरा फारसा कोणाला दिसत नाही. आज ते बरंच होतं.

आता हे दोन नावांचं लचांड. सतरा वर्षांपूर्वी, सहा वर्षं वाट बघायला लावून मीरिम जन्मली, तेव्हा सासूबाई छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडल्या होत्या आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सासरे साधे गृहस्थ. त्यांनी कोणाला न विचारता कचेरीत जाऊन बाळाचं नाव असिलकान लिहून टाकलं. घरातली एक असिलकान जाणार, तर दुसरी असावी. तीन आठवड्यांनी पहिली असिलकान इस्पितळातून चालत घरी आली, पोळीसारखं लाटून कापलेल्या शेवयांचं सूप मागितलं, आणि वर दोन वाट्या घेतल्या. सासरेबुवाच पुढे चार वर्षांनी गेले.

सूनबाईची पंचाईत झाली. सासूचं, सासऱ्याचं, नवऱ्याच्या थोरल्या भावंडांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आणि अनारकुल कधी घेत नव्हती. इतकी, की बाजारात अस्सल रेशमाला 'असिल' म्हणावं लागेल म्हणून ती "ते चांगल्यापैकी द्या" म्हणे, आणि दुकानदार मुद्दाम विचारे, "कुठलं चांगलं, वहिनी? नाव सांगा की!" मग पोटच्या पोरीला हाक कशी मारणार? तिने मीरिम म्हणायला सुरुवात केली. घर मीरिम म्हणू लागलं, गल्ली म्हणू लागली. शाळेत मुख्याध्यापिका स्वतः असिलकानबाई, आणि निम्म्या शिक्षिका त्याच कुळातल्या सुना. हजेरीपटावर खऱ्या नावावर पेन्सिलने मीरिम लिहिलं गेलं आणि दहा वर्षं ती पेन्सिल कोणी पुसली नाही. म्हणूनच फोनवर ते नाव ऐकून अनारकुलला फक्त सासूबाईच आठवल्या.

"पर्यवेक्षक बाईंनी तीनदा हाक मारली," गुल्सुनने कागद पुन्हा उचलला. "'असिलकान या नावाला परीक्षार्थीने प्रतिसाद दिला नाही. उलट तिने वळून दाराकडे बघितले.' का गं बघितलंस दाराकडे?"

"मला वाटलं आजी आली," मीरिम म्हणाली.

"परीक्षेला?"

"आजी कुठेही येऊ शकते, आत्या. गेल्या वर्षी नाचाच्या स्पर्धेला आली आणि मागे बसून पावलं मोजत होती."

"आणि उत्तरपत्रिकेवर सही मीरिम म्हणून केलीस."

"सवय गं. सगळ्या वह्यांवर तेच आहे."

"आणि ओळखपत्रावर दोन लांब वेण्या, डोक्यावर मात्र हे." गुल्सुनने तिच्या कानापर्यंत कापलेल्या केसांकडे बोट दाखवलं. "परीक्षेच्या आठ दिवस आधी केस कापणारी मुलगी मी वकिलीत पहिल्यांदाच बघतेय. बरं, आता खरं सांग. परीक्षेला तूच बसली होतीस ना?"

"आत्या!"

"आत्या विचारत नाहीये, वकील विचारतेय. वकिलाला आणि डॉक्टरला खोटं सांगायचं नसतं."

"मीच होते! त्रिकोणाचं सातवं गणित चुकलं, ते पण माझंच चुकलं. दुसरं कोणी बसलं असतं तर बरोबर नसतं का आलं?"

म्हातारीची भुवई हलली. हा मुद्दा तिला पटलेला दिसला.

"मी तुझ्यावर शंका घेत नाही, बाळ," गुल्सुन जरा नरमली, आणि मग तिच्यातली वकील तिच्यातल्या नणंदेच्या अंगावर पडली. "पण समिती जुनं उकरून काढेल. गावात विचारतील. कोणीतरी म्हणेलच, आईचंही एकदा..."

अनारकुल उगाच वाट्या हलवू लागली.

"आईचं काय एकदा?" मीरिमने विचारलं.

"वन्सं," अनारकुल हळूच म्हणाली.

"तुला माहीतच नाही? तुझी आई तुझ्या आजीच्या तावडीत सापडली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी, गणिताच्या पेपरला. मांडीवर चिठ्ठी."

मीरिमने दोन्ही हात गालांवर ठेवले. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही.

"आई! तू? कॉपी? तू मला चौथीत शेजारणीच्या वहीत डोकावले म्हणून दिवसभर लोकर विंचरायला बसवलं होतंस!"

"म्हणूनच बसवलं होतं," अनारकुल म्हणाली आणि चहात दूध घातलं. तेवीस वर्षं या विषयावर तिचं एवढंच उत्तर होतं. हात हलवत राहायचं. त्या पेपरला नापास होऊन परिचारिकांच्या शाळेत जाण्याचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचं तर त्याआधीच ती नवरीचा पांढरा रुमाल बांधून या घराचा उंबरा ओलांडून आत आली होती. ज्या बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं, त्याच बाईंनी तिच्या डोक्यावर तो रुमाल बांधला. गावाने त्यावर महिनाभर चहा प्यायला.

म्हातारी उठली. गुडघे कडकडले. भिंतीशी रचलेल्या गाद्यांखालच्या पेटीतून तिने हत्तीच्या चित्राचा चहाचा जुना डबा काढला. घरात सगळ्यांना तो माहीत होता आणि कोणी कधी उघडला नव्हता. चाळीस वर्षांत पकडलेल्या चिठ्ठ्या त्यात होत्या, प्रत्येकीला टाचणी आणि तारीख. बुटाच्या तळव्यातल्या, टोपीच्या अस्तरावरच्या, जखमेच्या खोट्या पट्टीत गुंडाळलेल्या. एक तर चक्क बोरसोकमध्ये भरून तळलेली होती, तिचा तेलकट डाग अजून गेला नव्हता.

"बाप रे आजी, हे तर संग्रहालय आहे," मीरिम पुढे सरकली. "यावर तिकीट लावता येईल."

म्हातारीने तळातून बोटाएवढ्या रुंदीची एक पट्टी काढून गुल्सुनसमोर धरली.

"तू वकील ना? वाच."

"सूत्रं आहेत. मला काय कळतंय त्यातलं."

"सूत्रं नको वाचूस. सातचा आकडा बघ."

गुल्सुनने चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला. सातच्या पोटात आडवी रेघ होती आणि खाली डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं. ती हळूहळू मान वळवून भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागली. तिथे तिचा धाकटा भाऊ तुर्गुनबेक, अनारकुलचा नवरा, घोड्यावर बसून कॅमेऱ्याकडे बघून उगाच हसत होता.

"तुर्गुन!"

अनारकुलच्या हातातली वाटी दस्तरखानावर टेकली. आवाज झाला नाही, पण चहा हिंदकळला.

"एने," ती म्हणाली, "तुम्हाला... कधीपासून?"

"हातात घेतल्या घेतल्या. पहिलीपासून त्याच्या वह्या मीच तपासल्यात. त्या शेपटीसाठी त्याच्या बोटांवर पट्ट्या मारल्यात. शेपटी काही गेली नाही." म्हातारी चिठ्ठीकडेच बघत बोलत होती. "तो हिच्या पुढच्या बाकावर. मी येताना दिसले म्हणून मागे फेकली, ती हिच्या मांडीवर पडली. मी विचारलं, कोणाची? तो मान खाली घालून थरथरतोय. मागे वळलासुद्धा नाही. आणि ही उभी राहिली. म्हणाली, माझी."

"का गं आई?" मीरिमचं हसू कुठेतरी गेलं होतं.

"तो रडायच्या बेतात होता," अनारकुल म्हणाली. "आणि मला वाटलं, बाईंचा मुलगा आहे, बाई घरी नेऊन सोलतील. माझी आई नुसती ओरडली असती."

"मी दोघांकडे बघितलं," म्हातारी पुढे म्हणाली. "दारात जिल्ह्याचे तपासनीस उभे होते. मुख्याध्यापिकेचा मुलगा कॉपीत सापडला, असं झालं असतं. मी हिला म्हटलं, बाहेर हो. ही गेली." तिने डब्याचं झाकण उलटं सुलटं केलं. "डब्यात एकशे बारा चिठ्ठ्या आहेत. एकशे अकरा पोरांना मी न्यायाने पकडलं. राहिलेल्या एकीत फसवणारी मीच."

 अनारकुलला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं ते वेगळंच काही. इतकी वर्षं हे गुपित तिने एकटीने जपलं होतं. म्हाताऱ्या जिवाला लेकाची फजिती कळू नये म्हणून. सासूबाई कधी टोचून बोलल्या की ती मनातल्या मनात म्हणे, बोला, बोला, तुम्हाला कुठे माहिताय. आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

"म्हणजे मी समजत होते, मी तुम्हाला फसवतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला."

"दोघी नापास," म्हातारी म्हणाली.

"आणि बाबा?" मीरिमने विचारलं.

"तुझे बाबा पास झाले. गणितात." गुल्सुनने लोण्याचा गोळा उचलला. "म्हणून तर आज सोंग-कोलच्या कुरणावर मेंढ्या मोजतायत, आणि दर वेळी एक कमी भरते."

मग जे झालं ते या घरात कधी झालं नव्हतं. म्हातारीने हात लांब करून किटली आपल्याकडे ओढली, सुनेची वाटी घेतली आणि तिच्यासाठी चहा ओतला. सवय नव्हती. वाटी काठोकाठ भरली.

"एने, पूर्ण भरलीस!" गुल्सुन ओरडली. "म्हणजे पी आणि नीघ, असं म्हणतेस का सुनेला?"

"उद्याची घाई आहे म्हणून भरली," म्हातारी ठसक्यात म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते. "आता माझं ऐक, अनारकुल. पोराला कुरणावरून बोलवायला वेळ नाही, तिथे फोन लागत नाही. समितीला आई किंवा बाप हवाय. उद्या तू माझं नाव घ्यायचं. मी सांगतेय. माझी परवानगी आहे."

"मी जाऊन सांगते की आमच्यात असं असतं..."

"तेच तर तू फोनवर सांगितलंस," गुल्सुन म्हणाली, "आणि त्यांनी काय लिहिलं ते ऐकलंस. कॅमेऱ्यासमोर एक सरळ वाक्य लागेल. माझ्या मुलीचं नाव अमुक. मी तुझ्या बाजूने दोन तास बोलीन, पण तुझी जीभ काही मला हलवता येणार नाही."

"सराव करू," मीरिमने टाळी वाजवली. "आई, म्हण, अ."

"अ."

"सि."

"सि."

"आता दोन्ही एकत्र."

"मला भांडी घासायचीत," अनारकुल उठली.

*

विहिरीच्या पंपापाशी वाट्या विसळताना तिने एकटीने करून बघितलं. ओठ उघडत होते. शब्द घशाशी येऊन थांबत होता, बिनओळखीच्या दारात पाहुणा थांबतो तसा.

भीती नव्हती ती. भीती असती तर परवानगीने गेली असती. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हा गल्लीतल्या बायका रुमालाआड म्हणत, कॉपीवाली आली. बाईंच्या घरात कॉपीवाली! तेव्हा अठरा वर्षांच्या अनारकुलने ठरवलं होतं की या एका विषयात आपण पैकीच्या पैकी मिळवायचे. झोपेत नाही, तापात नाही, बाळंतपणाच्या कळांत नाही, एकदाही तिने ते नाव घेतलं नव्हतं. आयुष्यात कोणाचंही न बघता, स्वतःच्या हिमतीवर सोडवलेला तो तिचा एकच पेपर. आणि उद्या त्यावर तिने आपल्याच हाताने रेघ मारायची होती.

मागे पावलं वाजली. मीरिम कोरडा पंचा घेऊन आली होती. मघाचा आगाऊपणा नव्हता.

"आई, तुला नाही जमलं तर राहू दे. मी पुढच्या वर्षी बसेन."

अनारकुलने वाटी पालथी घातली. पुढच्या वर्षी. हेच शब्द तिला एकदा तिची आई म्हणाली होती.

"वाट्या पुस," ती म्हणाली.

*

समितीचा अधिकारी तिशीतला होता. बिश्केकहून आलेला, नीट इस्त्रीचा, समोर लॅपटॉप आणि तिपाईवर छोटा कॅमेरा. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मीरिमकडून पाऊण पान लिहून घेतलं आणि उत्तरपत्रिकेशी ताडून बघितलं. अक्षर जुळलं. ओळखपत्रावरच्या वेण्यांवर अंगठा धरून चेहरा बघितला. चेहराही जुळला. गुल्सुनने जन्मदाखला पुढे केला, ग्रामसभेचं पत्र दिलं, आणि दोन तास नसले तरी वीस मिनिटं बोलली.

"हे सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण अहवालात आईचंच विधान उलटं आहे. ते आईनेच दुरुस्त केलं पाहिजे. तुमच्या मुलीचं दाखल्यावरचं नाव सांगा, आजी... माफ करा, ताई."

कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला.

अनारकुल खुर्चीच्या टोकावर बसली होती. डावीकडे मीरिम, उजवीकडे, पांढऱ्या शुभ्र रुमालात, छातीवर निवृत्त शिक्षिकेचा बिल्ला लावून सासूबाई. तिने तोंड उघडलं. मिटलं.

"म्हणजे... जिचं नाव... या बसल्यात ना, त्यांचंच..."

"इशारे नकोत. नाव."

"अ..." तिला खोकला आला.

गुल्सुनने पाणी दिलं. अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघितलं, मग अनारकुलकडे, आणि त्याच्या आवाजातली माया जरा कमी झाली. "ताई, एखाद्या आईला स्वतःच्या मुलीचं नाव सांगता येत नसेल, तर मी काय समजायचं? मला 'ओळख पटली नाही' असं लिहावं लागेल."

त्याने बोट कळफलकावर ठेवलं.

तेवढ्यात खुर्ची सरकली. म्हातारी उठली होती.

"इथे फार कोंदट आहे," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "मी जरा बाहेर उभी राहते." आणि काठी टेकत ती चालू लागली. चाळीस वर्षांत परीक्षा चालू असताना असिलकानबाई कधी वर्गाबाहेर गेल्या नव्हत्या. पाठ फिरवली की पोरं काय करतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी दार लावून घेतलं. नीट, कडीचा आवाज होईल असं.

अनारकुल त्या दाराकडे बघत राहिली. मग वळली. मीरिम मान खाली घालून बसली होती, मांडीवर हात, बोटं एकमेकांत अडकवून. असंच एक पोर एकदा पुढच्या बाकावर बसलं होतं.

अनारकुल उभी राहिली.

"माझ्या मुलीचं नाव असिलकान!"

तेवीस वर्षं कोंडलेला शब्द, त्याला खोलीचा अंदाज कुठून असणार? डोंगराच्या पलीकडच्या कळपाला मारावी तशी ती हाक होती. खिडकीची तावदानं वाजली. अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला.

"हजर!" मीरिम ताडकन उभी राहिली.

"हजर!" दाराबाहेरून खणखणीत आवाज आला.

 मग गुल्सुनने फायलीत तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले.

"बाहेर कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"त्या पहिल्या," अनारकुल म्हणाली. तिला विलक्षण हलकं वाटत होतं. "परीक्षेला बसली ती ही, दुसरी."

"मी बसले असते," दार म्हणालं, "तर त्रिकोणाचं सातवं चुकलं नसतं!"

अधिकाऱ्याने लाल ठिपका बंद केला. तो हसला नाही, पण टंकताना त्याला तीनदा खोडावं लागलं. विधान छापून त्याने अनारकुलसमोर ठेवलं. रोखून ठेवलेली उत्तरपत्रिका तपासणीस पाठवावी, फसवणुकीचा संशय निराधार, इतर सर्वांबरोबर निकाल लावावा. तिने सही केली.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात म्हातारी बाकावर बसली होती, काठीवर दोन्ही हात, जणू कोणी बोलावल्याशिवाय हलायचं नाही.

"काय लिहिलं त्याने?"

"पेपर तपासणार म्हणे, एने."

"हं." दोघी चालू लागल्या. पुढे गुल्सुन आणि मीरिम एकमेकींना 'हजर, हजर' म्हणत खिदळत होत्या. "तू माझं नाव नुसतं घेतलंस. मागे नाही पुढे नाही."

"हो, एने."

"केवढ्याने ओरडलीस."

"हो, एने."

"चांगलं ऐकू आलं." दहा पावलं गेली. "आता पुन्हा घेऊ नकोस."

"नाही घेणार."

पायऱ्यांपाशी म्हातारी थांबली. कोटाच्या आतल्या खिशातून बोटाएवढ्या रुंदीची ती पिवळी पट्टी काढून तिने अनारकुलच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. हात लगेच सोडला नाही.

"गुरुवारी कुरणावर भाकऱ्या पाठवशील ना, त्यांच्यासोबत ही पाठव. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, निकाल लागला."